राजीनामा मिळाला, दप्तर कुठे आहे?

प्रति,
मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांची संचालक मंडळे, परिषदा आणि गावोगावी प्रोग्रॅमरांचे गट चालवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस

विषय: पदाधिकाऱ्याचा राजीनामा आणि मागे राहिलेली तक्रार

सप्रेम नमस्कार,

"ताई, माझ्या मेलचं पुढे काय झालं?" असा मेसेज मला गेल्या पावसाळ्यात आला. पाठवणारी मुलगी आता नोकरीला लागली आहे. ज्या मेलबद्दल ती विचारत होती, तो तिने इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या गटाच्या समितीला लिहिला होता. मी त्या समितीत होते. तिला काय सांगावे हे मला सुचेना, आणि तो संपूर्ण दिवस कामात लक्ष लागले नाही. हे पत्र त्या एका प्रश्नापायी लिहिते आहे.

आमचा गट म्हणजे महिन्यातून एका शनिवारी कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये जमणारी साठ-सत्तर माणसे. दोन भाषणे, मध्ये चहा-वडापाव, मग उशिरापर्यंत गप्पा. या मुलीने आयुष्यातले पहिले भाषण आमच्याकडे दिले. एका स्लाइडवर चूक होती. पहिल्या रांगेतल्या एका जुन्या, नावाजलेल्या सभासदाने माइक मागून घेतला आणि पाच मिनिटे तिची उलटतपासणी केली. हॉल हसला. ती भाषण पुरे करून खाली आली, वडापाव न घेताच निघून गेली. त्या रात्रीपासून तोच माणूस तिला मेसेज पाठवू लागला. आधी "शिकवतो" म्हणून, नंतर नको तसले. तिने समितीला मेल लिहिला, चौदा ओळींचा, तीन स्क्रीनशॉट जोडून. आमच्या अध्यक्षांनी कोणाला न विचारता परस्पर उत्तर दिले की ते जुने सभासद आहेत, स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नकोस.

तिच्या मैत्रिणीने ते उत्तर ट्विटरवर टाकले. दोन दिवसांत आमच्या गटाचे नाव कधी न ऐकलेली माणसेही अध्यक्षांचा राजीनामा मागू लागली. मीही समितीच्या आतून तेच मागितले, आणि मागितले ते बरोबरच होते असे आजही मला वाटते. रविवारी रात्री साडेअकराला अध्यक्षांनी ग्रुपवर चार ओळी टाकल्या आणि ग्रुप सोडला. सोमवारी सगळे शांत. आम्ही उरलेल्या पाच जणांनी नवा अध्यक्ष निवडला, पुढच्या महिन्याचा हॉल ठरवला. तिच्या मेलवर एकही बैठक झाली नाही. ज्याने मेसेज पाठवले तो गटातच राहिला आणि दोन महिन्यांनी त्याच हॉलमध्ये त्याचे भाषण ठेवले गेले. मुद्दाम कोणी ठेवले नाही. त्याच्याबद्दल काही ठरायचे बाकी आहे, हे कोणाच्या ध्यानातच राहिले नव्हते.

राग होता त्याच्यावर, गेले अध्यक्ष, आणि तक्रार होती तिथेच राहिली.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मध्यंतरी राजीनामा दिला. त्याआधी सर्वसाधारण सभेत बरीच आरडाओरड झाली होती. पण राजीनाम्यानंतर त्यांना दप्तर सुपूर्द करावेच लागले. सभासदांचे रजिस्टर, इतिवृत्ताची वही, बँकेचे कागद, तक्रार अर्जांची फाइल, सगळ्याची यादी करून नव्या सेक्रेटरींची सही घेतली. चौथ्या मजल्यावरच्या गळतीचा अर्ज त्या फाइलीत होता, म्हणून नव्या माणसाला तो उघडावा लागला. तंत्रज्ञानाच्या आपल्या जगात माणूस जातो, त्याच्याबद्दल हजारो शब्द लिहिले जातात, आणि दप्तराचे नावही कोणी काढत नाही.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालकांनो, हे मी आधी तुम्हाला उद्देशून लिहिते आहे. तुमच्या संस्थेने घालून दिलेल्या परवान्याखालच्या साधनांवर माझे पोट चालते, तेव्हा यात परकेपणा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये तुमची संस्था काढली. सप्टेंबर २०१९ मध्ये, जेफ्री एपस्टीन या धनाढ्यावरच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांच्यावर झालेल्या आरोपाबद्दल त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या मेल बाहेर आल्या आणि संताप उसळला. त्यांच्या वागण्याबद्दलच्या अनेक वर्षांच्या तक्रारी लोकांनी पुन्हा पुढे आणल्या. १६ सप्टेंबरला त्यांनी एमआयटीतले स्थान आणि तुमचे अध्यक्षपद दोन्ही सोडले. तुमचे निवेदन जेमतेम दोन-तीन वाक्यांचे होते. अध्यक्षांनी राजीनामा दिला आहे, नव्या अध्यक्षांचा शोध सुरू होईल, एवढेच. आक्षेपांतले कोणते खरे, कोणते नाही, मंडळाचे त्यावर मत काय, याबद्दल त्यात अक्षर नव्हते.

मग दीड वर्षाने, २१ मार्च २०२१ रोजी, तुमच्याच लिबरप्लॅनेट परिषदेत स्टॉलमन यांनी स्वतः सांगितले की ते मंडळावर परत आले आहेत. पुढे जे झाले ते होणारच होते. त्यांना आणि सगळ्या मंडळालाच काढा म्हणणाऱ्या पत्रावर तीन हजारांहून जास्त सह्या झाल्या, त्यांना पाठिंबा देणाऱ्या पत्रावर सहा हजारांहून जास्त. रेड हॅट या लिनक्स कंपनीने निधी थांबवला. एक संचालक मंडळ सोडून गेल्या, कार्यकारी संचालकांसह संस्थेतल्या तिघा वरिष्ठांनी जाण्याचे जाहीर केले. त्यांना परत का घेतले याचे तुमचे स्पष्टीकरण एप्रिलमध्ये आले, म्हणजे सगळे होऊन गेल्यावर.

दोन्ही पत्रांवरच्या नऊ हजार लोकांना मूर्ख किंवा दुष्ट मी म्हणणार नाही. ते दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि दोघांच्याही हातात कागद नव्हता. ज्यांना वाटत होते की या माणसावर अन्याय झाला, त्यांना दाखवायला चौकशीचा निष्कर्ष नव्हता. ज्यांना वाटत होते की इतक्या तक्रारी असलेला माणूस नेतृत्वात नको, त्यांनाही तो नव्हता. २०१९ मध्ये काही ठरलेच नव्हते, म्हणून २०२१ मध्ये पहिल्या दिवसापासून सगळे पुन्हा सुरू झाले. लिनक्सवरची डेबियन ही प्रणाली बनवणाऱ्या, लोकशाही पद्धतीने चालणाऱ्या प्रकल्पाने यावर निवेदन काढायचे का यासाठी मतदान घेतले. निवेदन काढू नये असा कौल लागला. तेव्हा कोणी कोणते मत दिले हे डेबियनमध्ये नंतर जाहीर होत असे, आणि मत दिल्यावर आपल्यामागे लोक लागतील ही भीती पुष्कळांनी बोलून दाखवली. २०२२ मध्ये त्यांनी नियम बदलून मतदान गुप्त केले. एका संस्थेने दप्तर बंद ठेवले आणि दुसऱ्या संस्थेला आपली मतपेटी झाकावी लागली, असे हे झाले.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे २०१४ मधले प्रकरण आणखी झटपट आटोपले. ब्रेंडन आइक यांनी वेबपानांची जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली, मोझिला उभारण्यात त्यांचा वाटा होता. २४ मार्चला ते मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या प्रस्तावासाठी त्यांनी २००८ मध्ये हजार डॉलर दिले होते, त्यावरून वादळ उठले, आणि ३ एप्रिलला ते गेले. पदाधिकाऱ्याने खाजगीत केलेल्या राजकीय देणगीचा त्याच्या पदाशी संबंध कधी लागतो आणि कधी नाही, हा प्रश्न त्या अकरा दिवसांत सगळ्यांनी विचारला. त्याचे उत्तर देणारा नियम मात्र त्यातून निघाला नाही. आजही नव्या नेमणुकीच्या वेळी दोन्ही बाजू त्याच राजीनाम्याचा दाखला देतात, आपापल्या अर्थाने.

याउलट ज्यांनी दप्तर ठेवले त्यांचे उदाहरण घ्या. पायथन आपल्याकडे घराघरात पोचलेली भाषा आहे. माझी भाची अकरावीत ती शिकते. २०१८ च्या जुलैपर्यंत या भाषेबाबतचा शेवटचा शब्द तिचे निर्माते गिडो व्हान रॉसम यांचा असे. गमतीने दिलेले "आजन्म परोपकारी हुकूमशहा" हे बिरुद त्यांना कायमचे चिकटले होते. त्या वर्षी प्रस्ताव क्रमांक ५७२ आला. कोलन आणि बरोबरचे चिन्ह जोडून केलेले एक चिन्ह, ज्याने हिशेब चालू असतानाच एखाद्या नावात किंमत ठेवता येते. बाहेरच्याला वाटेल यात भांडायचे काय. पण भाषा लोकांच्या रोजच्या हाताखालची असते, आणि तिच्यात एक चिन्ह वाढवणे म्हणजे सगळ्यांच्या घरात एक खांब रोवणे. महिनोन्‌महिने वाद चालला, तो वाद राहिला नाही इतका कडू झाला. गिडोंनी प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलैला सहकाऱ्यांना पत्र लिहिले. एका प्रस्तावासाठी इतके लढावे लागावे आणि शेवटी इतक्या लोकांना माझा निर्णय तिरस्करणीय वाटावा, हे मला पुन्हा नको, असे त्यात होते.

ते पत्र मी आजही नवीन मुलांना वाचायला देते, कारण ते तिथे थांबत नाही. वारस मी नेमणार नाही, असे सांगून त्यांनी पुढे काय काय ठरवावे लागेल तेही लिहिले. प्रस्तावांवर निर्णय कसा होणार, नवे मुख्य विकासक कसे घेतले जाणार. आणि या गोष्टी लिहून काढल्या तर त्यांची मिळून एक प्रकारची घटना तयार होईल, असेही. हे दप्तर. दमलेल्या, दुखावलेल्या माणसाने जाताना यादी करून ते मांडून ठेवले.

आणि मागच्यांनी ते उघडले. कारभाराचे सात आराखडे लिहिले गेले, डिसेंबरमध्ये मतदान झाले, पाच जणांच्या सुकाणू परिषदेचा आराखडा निवडून आला. एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त सदस्य परिषदेत नकोत. भाषेची प्रत्येक मोठी आवृत्ती आली की नवी निवडणूक. आणि परिषदेवर विश्वास उरला नाही तर मुख्य विकासकांनी दोनतृतीयांश मतांनी तिला घरी पाठवावे, हेही लिहून ठेवलेले. २०१९ च्या सुरुवातीला पहिली परिषद निवडली गेली, तिच्यात गिडो स्वतः एक साधे सदस्य म्हणून होते. ज्या चिन्हावरून हे सगळे झाले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये भाषेत आले. आता ते वापरताना त्यामागचे भांडण बहुतेकांना माहीतही नसते.

पायथनचे सगळे आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये याच परिषदेने एका फार जुन्या विकासकाला तीन महिन्यांसाठी निलंबित केले. कारणांची यादी प्रसिद्ध केली, पण नाव दिले नाही आणि कोणते वाक्य कोणत्या कारणात मोडते हेही दाखवले नाही. नाव लवकरच सगळ्यांना कळले. यादी वाचून कित्येकांना वाटले की यातले निम्मे आपणही केले आहे, आणि पुन्हा संताप उसळला. मोघम लिहिलेला निर्णय वाचणाऱ्याला बंद फाइलीइतकाच अस्वस्थ करतो. तरी एक फरक होता: यावेळी प्रश्न कोणाला विचारायचा आणि पटले नाही तर पुढच्या निवडणुकीत काय करायचे, हे लोकांना माहीत होते.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मंडळींना हे सगळ्यात जास्त कळेल. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी तुमच्या मॉडरेटरांनी, सगळ्यांनी, एकाच वेळी राजीनामा दिला. प्रकल्प चालवणारी कोअर टीम स्वतःखेरीज कोणालाही उत्तरदायी नाही, या निषेधार्थ. ज्यांच्याकडे लोक तक्रार घेऊन जात, तेच म्हणत होते की आता आम्ही कोणाकडे जायचे? तपशील त्यांनी सांगितला नाही. ज्यांनी विश्वासाने काही सांगितले त्यांची गोपनीयता त्यांना जपायची होती. मी तक्रारी वाचलेल्या आहेत. रात्री एक वाजता कोणाचा तरी स्क्रीनशॉट उघडायचा, तो कोणालाही दाखवायचा नाही, आणि सकाळी त्याच माणसाला गटात नमस्कार करायचा. म्हणून त्यांचे मौन मला समजते. पण बाहेरच्यांना कळले ते इतकेच की काहीतरी भयंकर आहे. अफवांना तेवढे पुरते.

दीड वर्षाने तुमच्याच परिषदेत सी भाषेच्या प्रमाणीकरणाचे काम पाहणाऱ्या एका तज्ज्ञांना बीजभाषणाचे निमंत्रण गेले, नंतर त्यांना कळवले गेले की ते बीजभाषण नाही, साधे भाषण असेल. मे २०२३ मध्ये त्यांनी भाषणच नाकारले. निर्णय नेमका कोणी घेतला, कोणाच्या अधिकारात, हे सांगायला तुमच्या नेतृत्वातल्या कोणाला नीट जमेना. काही जण तुम्हाला सोडून गेले, तुम्ही जाहीर माफी मागितली. त्यानंतर जून २०२३ मध्ये कोअर टीमच्या जागी वेगवेगळ्या टीमच्या प्रतिनिधींची नेतृत्व परिषद आली, आणि मॉडरेटरांच्या कामावरही नजर टाकू शकणारे राखीव मॉडरेटर नेमायची तरतूद झाली. २०२१ च्या राजीनाम्यातला प्रश्न हाच होता. तो त्याच आठवड्यात टेबलावर घेतला असता तर मधली एक जखम टळली असती, असे मला मनापासून वाटते. उशिरा का होईना, तुम्ही तो घेतलात.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचेही एक आठवते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या तोंडाळपणाबद्दल माफी मागितली, लिनक्सचे काम सहकाऱ्याकडे सोपवून काही आठवडे बाजूला झाले आणि परतले. आपल्याकडे जाणे किंवा चिकटून राहणे, दोनच गोष्टी लोकांना सुचतात. चौकशी चालू असताना खुर्ची सोडून बाजूला बसण्याची रीत असली, तर इतक्या घाईने कोणाचा बळी मागावा लागणार नाही.

संतापणाऱ्यांना झुंड म्हणून झटकू नका, ही माझी पहिली विनंती. वर लिहिलेल्या बहुतेक ठिकाणी कोणी आपणहून खिडकी उघडली नव्हती. आमच्या गटात त्या मैत्रिणीने ट्विट केले नसते तर ते उत्तर आजही योग्य मानले गेले असते. संताप दार वाजवतो. दार उघडल्यावर समोर अध्यक्षाला उभे करून पुन्हा लावून घेणे, हे आपण करतो.

म्हणून मागते ते असे. राजीनामा आला की त्याच बैठकीत, त्याच इतिवृत्तात, राजीनाम्याला कारण ठरलेली तक्रार कोणाकडे सोपवली आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत देणार, हे नावासकट लिहा. माणूस गेला म्हणून चौकशी थांबवू नका. निष्कर्ष जाणाऱ्याच्या बाजूने निघाला तर तोही तितक्याच मोठ्याने जाहीर करा, कारण त्याला आयुष्यभर तो संशय घेऊन फिरायचे असते. तक्रार मंडळाविरुद्धच असेल तर ती ऐकणारे मंडळाबाहेरचे हवेत, आणि त्यांची नावे भांडण होण्याआधी ठरलेली हवीत. पीडितेची ओळख झाका, पण निर्णय झाकू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि थोडे कष्ट घेतले तर वेगळ्या ठेवता येतात. आणि जाहीर निवेदनाच्या आधी, निदान एक दिवस आधी, तक्रार करणाऱ्याला ते वाचायला द्या. आमच्या अध्यक्षांच्या राजीनाम्याची बातमी त्या मुलीला एका अनोळखी माणसाच्या "अभिनंदन, जिंकलीस" या मेसेजवरून कळली. ती मला म्हणाली, "ताई, मी कुठे त्यांचा राजीनामा मागितला होता? मला फक्त ते मेसेज थांबायला हवे होते."

ते मेसेज तिने नंबर बदलल्यावर थांबले.

मोठ्या प्रकल्पांकडे वकील असतात, पगारी माणसे असतात. आमच्यासारख्या शहरी गटांकडे यातले काही नाही, म्हणून हे आपल्याला लागू नाही असे कृपया समजू नका. उलट आपल्याकडे माणसे एकमेकांना ओळखतात, एकाच कंपनीत असतात, एकाच लग्नाला जातात. तिथे "स्वभावच तसा आहे" हे वाक्य सगळ्यात लवकर तोंडावर येते. एक वही पुरेल. कोणती तक्रार कधी आली, कोणी वाचली, काय ठरले, तिला काय कळवले. समिती बदलली की ती वही सही करून पुढच्यांच्या हातात.

हे पत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी मी त्या मुलीला पाठवले. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. तिच्या मेलचे उत्तर मी या महिन्याच्या अखेरीपर्यंत लिहून देणार आहे: आम्ही काय वाचले होते, काय करायला हवे होते, काय केले नाही, आणि तो सभासद आमच्या व्यासपीठावर पुन्हा बोलणार नाही हे आताच्या समितीने ठरवले आहे का. खाली माझी सही असेल. त्या वेळच्या समितीतल्या बाकीच्या चौघांनाही मी सही मागितली आहे. दोघांनी होकार दिला आहे, एकाने विचार करून सांगतो म्हटले आहे, एकाचे उत्तर यायचे आहे.

आपली,
पुण्यातली एक प्रोग्रॅमर